ओळ तोडण्याआधी तिचा शेवट बघ

उज्जैनच्या रामघाटावरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतल्या मराठी घराण्यांच्या नोंदी संगणकावर घ्यायचं काम तू हाती घेतलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. २०२८चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. महाराष्ट्रातून आलेलं एखादं कुटुंब शिप्रेत स्नान उरकून पायऱ्यांवर गुरुजींपुढे बसेल, गाव सांगेल, आडनाव सांगेल आणि पणजोबांचं नाव निघतं का म्हणून विचारेल. नाव फाइलमध्ये आहे आणि शोधल्यावर सापडत नाही, असं होता कामा नये. असं होतं तेव्हा दोष बऱ्याचदा ओळीच्या टोकाला बसलेल्या, पडद्यावर न दिसणाऱ्या एका अक्षराचा असतो. एका यंत्रातल्या याद्या दुसऱ्या यंत्रात नेण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून आत्या या नात्यानं चार गोष्टी तुझ्या कानात सांगून ठेवते.

उज्जैन हे शिंद्यांचं ठाणं होतं. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकाळेश्वराचं देऊळ पुन्हा उभारलं, आणि १८१०मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. त्या मधल्या काळात शिलेदार, कारकून, भिक्षुक अशी कितीतरी मराठी घरं माळव्यात आली आणि इथलीच झाली. त्यामुळे तुझ्याकडे येणारी माहिती एका हातची असणार नाही. गुरुजींच्या नातवानं विंडोजवर टाइप केलेली यादी येईल, पुण्याच्या कुणी जुन्या मॅकवरची वंशावळ पाठवील, कुणी फोनवर लिहून धाडील. मजकूर सगळा मराठीच, पण ओळ संपवायची रीत तिघांची तीन.

ती रीत आली टेलिप्रिंटरवरून. तारऑफिसात आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत ही यंत्रं खडखडत असायची. ओळ भरली की त्यांना दोन हुकूम द्यावे लागत: छापणारा भाग डावीकडे परत आण, आणि कागद एक ओळ वर सरकव. पहिला हुकूम म्हणजे कॅरेज रिटर्न, सीआर, त्याचा क्रमांक १३. दुसरा लाइन फीड, एलएफ, क्रमांक १०. टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं, पण उजव्या टोकाहून डावीकडे परत यायला त्याला एका अक्षराहून जास्त वेळ लागे. म्हणून १३ आधी पाठवायचा आणि १० मागाहून, म्हणजे कागद सरकेपर्यंत तेवढीच सवड मिळे. पुढे मल्टिक्सनं नुसता १० पुरेसा मानला, युनिक्सनं तेच उचललं आणि लिनक्स-अँड्रॉइडपर्यंत ते चालत आलं. सीपी-एमनं दोन्ही ठेवले, तिथून ते डॉसमध्ये आणि विंडोजमध्ये आले. जुन्या मॅकनं नुसता १३ घेतला. मॅक ओएस टेनपासून, म्हणजे २००१पासून, मॅकही १०वर आला. एवढा इतिहास पाठ असला की समोरची फाइल कुठून आली असेल, याचा अंदाज आपोआप येतो.

आता पहिली गोष्ट. फाइल हातात आली की तिच्यात १३ किती, १० किती आणि १३-१० अशी जोडी किती, हे आधी मोजायचं आणि मगच ओळी तोडायच्या. मोजायला दहा ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. सगळे १३ आणि सगळे १० जोडीनं आले तर फाइल विंडोजची. नुसते १० असले तर लिनक्सची, नव्या मॅकची किंवा फोनवरची. नुसते १३ असले तर जुन्या मॅकची, किंवा एक्सेलमधून ‘मॅकिंटॉश’ असा पर्याय निवडून काढलेली. जोड्या आहेत आणि वर सुटे १०ही आहेत, तर तिथे थांब. त्याविषयी पुढे सांगते. हे आकडे एका नोंदवहीत फाइलच्या नावासमोर लिहून ठेव. ओळी मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी’ या हुकमाच्या आकड्यावर विसंबू नकोस. तो फक्त १० मोजतो. जुन्या मॅकची हजार नावांची यादी त्याला शून्य ओळींची वाटते, आणि शेवटच्या नावानंतर एंटर मारलेलं नसलं तर तो एक नाव कमी सांगतो. नोटपॅडवर बघूनही ठरवू नकोस. २०१८ सालापर्यंत त्याला सुटा १० कळतच नसे, सगळी यादी एका ओळीत दिसायची. नवा नोटपॅड तिन्ही रीती सारख्याच दाखवतो, म्हणजे नुसत्या मजकुराकडे बघून काहीच कळत नाही.

विंडोजची फाइल नुसत्या १०वर तोडली तर काय होतं, ते नीट बघ. समज, रकाने आहेत गाव, पोटजात, आडनाव. ओळ आहे ‘पैठण, देशस्थ, कुलकर्णी’. १०वर तोडल्यावर आडनावाच्या रकान्यात ‘कुलकर्णी’ आणि त्याच्या शेपटीला १३ राहतो. पडद्यावर दोन्ही ‘कुलकर्णी’ सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. पैठण शोधलं तर सापडतं, देशस्थ शोधलं तर सापडतं, कुलकर्णी शोधलं तर नाही. शोध शेवटच्याच रकान्यात चुकतो आणि बाकी सगळं ठीक चालतं, असं दिसलं की बाकी काही तपासण्याआधी शेपटीचा १३ बघ. दुसरी खूण छापताना दिसते. आडनावापुढे कंस करून साल छापायला जावं, तर साल ओळीच्या सुरुवातीला जाऊन गावाच्या नावावर बसतं, कारण १३चा हुकूम अजून ‘डावीकडे परत ये’ हाच आहे. असा १३ काढताना ओळीच्या फक्त टोकाचे १३ आणि १० काढ. दोन्ही बाजूंची मोकळी जागा सरसकट छाटणारी सोय वापरू नकोस. पिढी दाखवायला कुणी ओळीच्या सुरुवातीला दोन-चार जागा सोडल्या असतील, तर मुलगा बापाच्या रांगेत येऊन बसेल.

तिन्ही रीती एकत्र सांभाळायच्या तर तोडण्याच्या नमुन्यात क्रम महत्त्वाचा. जोडी आधी लिहायची, सुटा १० आणि सुटा १३ नंतर. क्रम उलटा लिहिलास तर यंत्र जोडीतला १३ आधी धरून तोडतं, मग १०वर पुन्हा तोडतं, आणि प्रत्येक नावानंतर एक रिकामी ओळ उभी राहते. मला खरी काळजी वाटते ती याच्या पुढच्या पायरीची. पोरं रिकाम्या ओळी बघतात आणि ‘रिकामं ते गाळ’ असं लिहून मोकळी होतात. वंशावळीत रिकामी ओळ म्हणजे एक शाखा संपून दुसरी सुरू झाल्याची खूण असते. ती गाळली की दोन भावांची घरं एकात मिसळतात, आणि हे प्रोग्रॅम कुठेही चूक म्हणून दाखवत नाही.

यावर माझा नेम साधा आहे. बाहेरून आल्यावर पाय धुऊनच घरात यावं, तसं फाइल वाचतानाच सगळे शेवट नुसत्या १०मध्ये बदलून घ्यावेत. ते एकाच ठिकाणी, एकाच फंक्शनमध्ये व्हावं. आतल्या बाकीच्या प्रोग्रॅमला १३ हे अक्षर जगात आहे याचा पत्ताही नसावा. बाहेर पाठवताना घेणाऱ्याला जी रीत हवी ती ठरवून लिहावी. पायथनमध्ये फाइल मजकूर म्हणून उघडली की हे तो आपणहून करतो. जावाची ओळ वाचण्याची नेहमीची सोय तिन्ही रीती ओळखते. गो आणि रस्टच्या सोयी मात्र १० आणि जोडी एवढंच जाणतात, सुटा १३ त्यांना शेवट वाटत नाही. जुन्या मॅकची फाइल गोच्या स्कॅनरला दिलीस तर ती त्याला एकच लांबलचक ओळ दिसते, आणि ६४ किलोबाइटची मर्यादा ओलांडली की तो अडून बसतो. काही भाषांत ‘या यंत्राची ओळ संपवण्याची रीत’ सांगणारी एक तयार सोय असते. ती लिहिण्यासाठी आहे, तोडण्यासाठी कधीच वापरू नकोस. प्रोग्रॅम कुठल्या यंत्रावर चालतो आणि फाइल कुठल्या यंत्रावर जन्मली, यांचा काही संबंध नाही.

आता मराठीपुरती खास गोष्ट. इंग्रजी याद्यांवर वाढलेल्या प्रोग्रॅमरला ही सहसा ठाऊक नसते, म्हणून ही तू पक्की लक्षात ठेव. १३ आणि १०शिवाय १३३ या क्रमांकालाही काही ठिकाणी ‘पुढची ओळ’ असा अर्थ आहे. तो आयबीएमच्या मोठ्या यंत्रांसाठी ठेवलेला. आपलं देवनागरी अक्षर यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांत बसतं. ‘अ’चे तीन बाइट आहेत २२४, १६४ आणि १३३. दिसला ना शेवटचा? फाइल यूटीएफ-८ची असून तू ती लॅटिन-१ म्हणून वाचलीस आणि पायथनच्या ‘स्प्लिटलाइन्स’नं तोडलीस, तर प्रत्येक ‘अ’पाशी ओळ तुटते. पीएचपीत ‘कुठलाही ओळशेवट’ असा अर्थ असलेला बॅकस्लॅश आणि मोठा आर हा नमुना ‘यू’ची खूण न लावता वापरला तरी हेच होतं. ‘आ’चा शेवटचा बाइट १३४, म्हणून तो वाचतो. आनंदरावांची ओळ शाबूत राहते आणि अनंतरावांची दोन तुकड्यांत पडते. अवंतिका, अहिल्या, अण्णा, सगळी तुटतात. देवनागरीत असा दुसरा बाधित होणारा म्हणजे चंद्र, ‘बॅंक’मधल्या ‘ब’वरचा, त्याचाही शेवटचा बाइट १३३. तेव्हा यादीतली ‘अ’ची माणसंच तुटताहेत असं दिसलं तर टाइप करणाऱ्याला बोल लावू नकोस, फाइल कुठल्या संकेतात वाचतो आहेस ते बघ. आधी यूटीएफ-८ म्हणून अक्षरं करायची, मग ओळी. बाइटांवरच तोडायची वेळ आली तर फक्त १० आणि १३वर तोड. यूटीएफ-८मध्ये हे दोन कुठल्याही देवनागरी अक्षराच्या पोटात येत नाहीत, ही त्या संकेताची फार मोठी सोय आहे.

यूटीएफ-१६मध्ये मात्र ती सोय नाही. एक्सेलमधून ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून काढलेली फाइल या संकेतात असते. तिथे ‘ऊ’ म्हणजे ९ आणि १० हे दोन बाइट. गुजराती लिपीच्या तर प्रत्येक अक्षरात एक बाइट १० असतो, आणि घाटावर गुजराती यजमान थोडे नसतात. मल्याळमच्या प्रत्येक अक्षरात १३. मराठीत आणखी एक छुपा १३ आहे: कुऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांतला अर्धा र काही कळफलकांवर र, पायमोड आणि न दिसणारा जोडक असा लिहिला जातो, आणि त्या जोडकाचा एक बाइट १३ असतो. अशी फाइल बाइटांवर तोडू नये. आधी यूटीएफ-८ करून घे.

मघाशी जोड्यांच्या जोडीला सुटे १० दिसले तर थांब म्हटलं, ते एक्सेलमुळे. पत्ता लिहिताना माणसं एकाच चौकटीत ऑल्ट-एंटर मारून दुसरी ओळ करतात: ‘बुधवार पेठ’, खाली ‘पुणे’. सीएसव्ही काढताना चौकटीतला शेवट सुटा १० राहतो, नोंदीचा शेवट १३-१० होतो, आणि तो पत्ता अवतरणचिन्हांत जातो. आरएफसी ४१८० या २००५च्या दस्तऐवजात अवतरणचिन्हांतली ओळ नोंदीचाच भाग धरलेली आहे. तू आधी ओळी तोडून मग स्वल्पविरामांवर रकाने केलेस, तर ‘पुणे’ नावाचा एक नवा यजमान तयार होईल. म्हणून सीएसव्ही कधीही हातानं तोडायची नाही, तिचा तयार वाचक वापरायचा. पायथनमध्ये त्यासाठी फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ला रिकामी स्ट्रिंग द्यावी लागते, नाहीतर वाचकाच्या आधीच शेवट बदलले जातात. माझ्या वरच्या नेमाला हा एवढाच अपवाद.

‘स्प्लिट’ आणि ‘स्प्लिटलाइन्स’ यांतही फरक आहे. शेवटच्या नावानंतर एंटर असेल तर १०वर केलेलं ‘स्प्लिट’ एक रिकामा तुकडा जास्त देतं, ‘स्प्लिटलाइन्स’ देत नाही. पण ‘स्प्लिटलाइन्स’ ११ आणि १२वरही तोडतं. १२ म्हणजे पान बदल. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी काढलेल्या याद्यांत तो हमखास असतो. ११ वर्डमधल्या शिफ्ट-एंटरमधून येतो. फाइल ओळीओळीनं वाचली तर पायथन यांवर तोडत नाही. म्हणजे एकाच फाइलची एकाच भाषेत दोन तऱ्हांनी मोजदाद वेगळी येऊ शकते. एक तऱ्हा ठरव आणि सगळीकडे तीच ठेव. मोठी फाइल तुकड्यातुकड्यानं वाचत असशील तर १३ एका तुकड्याच्या टोकाला आणि १० पुढच्याच्या सुरुवातीला पडू शकतो. शेवटचा बाइट १३ असेल तर पुढचा तुकडा येईपर्यंत निर्णय करू नकोस. गिटमध्ये पहिल्याच दिवशी ‘गिटअॅट्रिब्यूट्स’ फाइल टाक, नाहीतर तुझ्या आणि गुरुजींच्या नातवाच्या यंत्रांत शेवट बदलत राहतील आणि एका नावाची दुरुस्ती सगळी फाइल बदलल्यासारखी दिसेल.

आता वहीकडे. मोडीतली जुनी नोंद समोर आली तर तिथली ओळ आणि तुझी ओळ एक समजू नकोस. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो, तिच्याखाली अक्षरं लिहीत जातो, शब्दांत जागा सोडत नाही आणि कागद संपला की खाली उतरतो. ओळ तिथे कागदाच्या रुंदीनं संपते, मजकुरानं नाही. नाव अर्धं वर आणि अर्धं खाली असू शकतं. त्यामुळे वहीतल्या ओळीगणिक एंटर मारायचं नाही. एका माणसाची नोंद एका ओळीत घे, आणि वहीचं पान आणि ओळ यांचे क्रमांक वेगळ्या रकान्यांत ठेव, म्हणजे गुरुजींना मूळ जागा दाखवता येईल. दंडावर तर मुळीच तोडू नकोस. जुन्या हिशेबी लिखाणात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. ‘दक्षिणा ५॥’ म्हणजे साडेपाच रुपये. तिथे वाक्य संपलं असं मानून तोडलंस तर पाच रुपये एका नोंदीत राहतील आणि पुढचं नाव भलतीकडे जाईल.

ही माणसांच्या घरातली माहिती आहे. गुरुजींना विचारल्याशिवाय एकही फाइल त्यांच्या आणि तुझ्या यंत्राबाहेर जाऊ देऊ नकोस. मूळ फाइल जशी आली तशी, एकही बाइट न बदलता वेगळी जपून ठेव. तुझ्या प्रोग्रॅमनं चूक केली तर परतायला तीच एक जागा आहे.

आणि एक चाचणीची फाइल आजच करून घे. तिच्यात अनंत, आनंद, ऊर्मिला, कुऱ्हाडे ही नावं घाल. एक ओळ १३नं संपव, एक १०नं, एक जोडीनं. मध्ये एक खरी रिकामी ओळ ठेव, एका पत्त्यात अवतरणचिन्हांत एंटर मार, आणि शेवटच्या नावानंतर काहीच देऊ नकोस. या फाइलमधून बरोबर किती नोंदी निघायला हव्यात ते हातानं मोजून कागदावर लिही. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललंस की ती फाइल आधी चालव, आकडा जुळला तरच गुरुजींच्या याद्यांना हात लाव.